बोलणीचा माळ

बोलणीच्या माळावर झाड नाही की विहीर नाही. सगळ्या उतारावर गवत, नुसता पवन्या, कमरेएवढा, वाऱ्यावर डुलणारा. नवखा माणूस हटकून विचारतो, याला पाणी कोण घालतं? वस्तीवरचे बिराप्पा म्हणतात, "पाणी घातलं तर मरंल. याला बोलणी लागत्यात." आणि मग ठकूबाईची हकिकत सांगू लागतात.

फार मागे मोठा दुष्काळ पडला. भुकेल्या गुरांनी पवन्याचे बुडखेसुद्धा उपटून खाल्ले. पुढे पाऊस आला, पण माळावर उगवली ती कुसळं. ती गुरांच्या जिभेत रुतायची, तोंडं सुजायची. धुळोबा धनगराची सून ठकूबाई ते पाहून कासावीस झाली. तिने बिरोबापुढे शब्द दिला, म्हणे, "माळ पवन्यानं झाकंपातुर दुधाचा थेंब तोंडाला लावणार न्हाई."

माहेरच्या डोंगरावरून तिने ओटीत बी आणले. चांगल्या बियाला चांगली जमीन म्हणून पायथ्याच्या काळ्या रानात पेरले, बांध घालून पाणी अडवले. कोंब तुंबलेल्या पाण्यात कुजून गेले. दुसऱ्या साली तिने मुरमाड उतार धरला आणि पाट्यांनी शेणखत वाहिले. खत खाऊन तरोट्याचे तण माजले आणि त्याच्या सावलीत पवन्या पिवळा पडला. तिसऱ्या खेपेला ना पाणी, ना खत, नुसता मुरूम आणि ऊन. या वेळी तो जगला, पण पावसाळा सरला तरी दोन बोटांच्या वर हलेना.

धुळोबा म्हणाला, "पोरी, ह्यापरीस डोक्याला केस लवकर वाढत्यात."

तिथे ठकूबाईचा संयम सुटला. उतारावर उभी राहून ती ओरडली, "पाणी दिलं तर कुजतोस! खत दिलं तर रुसतोस! कायबी न्हाई दिलं तर बसून ऱ्हातोस! किती लाड करू रं तुझं? जा, तुझं तू बघ!"

ती तणतणत खाली उतरली आणि तिने पुन्हा त्याच्याकडे वळून पाहिले नाही. गुरे मात्र तिने माळावर चढू दिली नाहीत. राग गवतावर होता. शब्द बिरोबाला दिलेला होता.

असे सांगतात, की पवन्या वर वाढत नव्हता तेव्हा मुरमात खोल मुळे सोडत होता. पुढच्या साली एक सर पडून पाऊस गेला. खालची राने करपली आणि माळावर पवन्या कमरेला लागला. सगळी वस्ती विळे घेऊन धावली. ठकूबाई आडवी आली.

"बी गळू द्या. आत्ता कापला तर फुडच्या साली पुन्यांदा कुसळं खावा!"

"गुरं मरायला लागली, ठके!" धुळोबा कळवळून म्हणाला.

"मरू द्या असं न्हाई म्हणत मी. वाईच थांबा म्हणतीया."

थांबण्याची किंमत तिच्याच दावणीने भरली. तिची मोरी गाय उतारावरच्या गवताकडे मान करून पडली, ती उठलीच नाही. ठकूबाईने तिच्या अंगावर आपले लुगडे पांघरले, पण विळ्याला परवानगी दिली नाही. मग बी गळले, वाऱ्याने माळभर झाले, आणि तिने पहिली पेंढी स्वतः कापून शेजाऱ्याच्या गाईपुढे टाकली.

पुढच्या पावसाळ्यात कुसळाला उभे राहायला जागा उरली नाही. लोकांनी दुधाचा तांब्या आणला. ती एक घोट प्याली, तांब्या खाली ठेवला आणि तरातरा माळावर गेली.

"एकटं सोडायचं, एवढंच पायजे हुतं," ती पवन्यावर कडाडली, "तर आदी सांगायचं हुतंस! माझी मोरी वाचली असती!" आणि तिथेच बसून रडली, म्हणे.

आजही बी गळेपर्यंत या माळाला विळा लागत नाही. कापणीआधी बाया वर जातात आणि पवन्याला बोलणी देतात. पहिला मान वस्तीतल्या नव्या सुनेचा. ती आधी पदर तोंडाशी धरून लाजते. मग गवताला एक बोलते, दोन बोलते, हळूहळू त्यात सासू येते, नणंद येते, नवरा येतो. कोणी तिला अडवत नाही. खाली पुरुष विळे घेऊन ताटकळत बसलेले असतात. तिचे बोलून होईपर्यंत कापणीला हात लावायचा नाही.