श्रोते प्रसन्न हवेत

"श्रोते प्रसन्न असल्याशिवाय मी तोंड उघडत नाही," असं सांगून व्याख्यानवाचस्पती भानुशंकर व्यासपीठावरून खाली उतरले आणि सांबरगडचे राजे धुंडिराज यांची मोठी पंचाईत झाली. मैदानात बसलेले श्रोते प्रसन्न सोडून बाकी सगळं काही होते.

प्रजा आळशी झाली आहे, असं राजांच्या मनानं घेतलं होतं. तिच्या अंगात उत्साह भरायला त्यांनी लांबून हे वक्ते बोलावले आणि घरटी एक माणूस आलाच पाहिजे, अशी दवंडी पिटली. माणसं उजाडताच येऊन बसली. वक्ते आले ते ऊन डोक्यावर आल्यावर. मांडवासाठी आणलेलं सगळं कापड दिवाणजींनी व्यासपीठावर दुहेरी लावून घेतलं, कारण तिथे मानकरी बसायचे होते. लोकांच्या डोक्यावर नुसते खांब आणि आडव्या दोऱ्या. पाण्याच्या पखालीही दिवाणजींनीच परत पाठवल्या. पाणी प्यायला उठलेला माणूस घरी जातो, असा त्यांचा अनुभव होता. वर मैदानाच्या कुंपणाचा दरवाजाही बंद. अशा बंदोबस्तात लोकांच्या अंगात उत्साह यायचा तो आलाच, पण दगड उचलण्याचा.

"हा गोंधळ कोणी घातला?" राजे गरजले.

दिवाणजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि मांडववाल्या राणोजीकडे बोट केलं. "यानं, महाराज. मांडव याचाच आहे."

दोष द्यायला राजांनाही कोणीतरी हवंच होतं.

"ऐक," ते राणोजीला म्हणाले, "आमचं जेवण होईपर्यंत ही माणसं हसताना दिसली पाहिजेत. दरवाजा उघडायचा नाही. उघडलास तर सगळे पळतील. बाहेरून काही आणायचं नाही, कुणाला धाक घालायचा नाही. जमलं नाही, तर तुझं मांडवाचं सामान जप्त आणि उद्या तू राज्याबाहेर."

"महाराज, हे देवालाही जमायचं नाही."

"देवाला मी सांगितलेलं नाही. तुला सांगतोय."

राणोजीची मुलगी हौसा मागे दोर गुंडाळत उभी होती. बापावर आलेला आळ पाहून तिला दिवाणजींचा असा राग आला की ती सरळ पुढे झाली.

"महाराज, मैदानाच्या आत जे आहे ते वापरलं तर चालेल?"

"चालेल की. माती वापर, खांब वापर, काय वाटेल ते वापर."

"शब्द दिलात?"

"दिला," राजे म्हणाले आणि वक्त्यांना, मानकऱ्यांना आणि दिवाणजींना घेऊन पडद्याआड जेवायला गेले.

हौसानं व्यासपीठावर नजर टाकली. मानकऱ्यांच्या सत्काराची तयारी तिथे मांडलेली होती. जो जो रुसेल असं दिवाणजींना वाटलं, त्या सगळ्यांची नावं त्यांनी यादीत घातली होती. सरदार होते, सरदारांचे मेहुणे होते, मेहुण्यांचे व्याहीसुद्धा होते. प्रत्येकाला एक शाल आणि एक नारळ. शालींचा ढीग माणसाच्या उंचीचा झाला होता आणि नारळांची रास त्याहून मोठी.

"आबा, गाठी मारायला घ्या," हौसा म्हणाली.

"कशाला?"

"शालींना. एकीला एक जोडून दोऱ्यांवर टाकू."

"अगं, मानकऱ्यांच्या शाली त्या! राजे आपल्याला देशोधडीला लावतील."

"ते तर लावणारच आहेत. निदान सावली करून जाऊ."

हे ऐकून पुढच्या रांगेतली माणसं आपणहून उठली. कुणी गाठी मारल्या, कुणी खांबावर चढलं. हौसानं दगड हातात घेतलेल्या गड्यांना हाक मारली, "अहो, दगड घेतलेतच तर कामाला लावा की. हे नारळ फोडायचेत." सगळीकडे फटाफट नारळ फुटू लागले. घोटघोट पाणी म्हाताऱ्यांना मिळालं, पोरांना मिळालं, खोबऱ्याचे तुकडे हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत गेले. वर भरजरी सावली, तोंडात खोबरं. माणसं एकमेकांची थट्टा करायला लागली.

भानुशंकर जेवून आले ते हसरं मैदान पाहून एकदम खुलले. दोन तास ते अखंड बोलले. लोकांनी खोबरं चावत सगळं ऐकलं आणि अधूनमधून टाळ्याही वाजवल्या. त्या कशासाठी होत्या, ते कोणी विचारलं नाही.

मानकऱ्यांचं मात्र व्याख्यानाकडे लक्षच नव्हतं. ते सगळे वर बघत होते. व्याख्यान संपताच राजांनी हौसाला पुढे बोलावलं. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"पोरी, काय वाटेल ते वापर म्हणालो, ते सामानाबद्दल. शाल-श्रीफळ हा मान आहे. तो कुणाला देतात, ठाऊक आहे?"

"आहे, महाराज. ज्यानं काही अवघड करून दाखवलं त्याला."

"मग या लोकांनी काय केलं?"

"सकाळपासून उन्हात तहानलेले बसले आणि उचललेला दगड कुणावर फेकला नाही. मला तर नसतं जमलं."

राजांनी वरच्या शालींकडे पाहिलं. मग मागे वळून म्हणाले, "आणि यांचं काय? माझ्या मानकऱ्यांना मी आता काय देऊ?"

"त्यात काय अवघड आहे?" हौसा म्हणाली. "उद्या उजाडताच त्यांना इथं सावली न करता, पाणी न देता बसवा. वक्ते येईपर्यंत जे जागचे हलणार नाहीत, त्यांना मी दोन-दोन नारळ आणून देते."

राजांनी मानकऱ्यांकडे पाहिलं. एकाला गुडघेदुखी आठवली, दुसऱ्याच्या घरी पाहुणे यायचे होते, तिसरा म्हणाला की आपल्याला मुळात शाल आवडतच नाही. राजे आधी मिशीत हसले आणि मग पोट धरून हसायला लागले. हसतच त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल हौसाच्या खांद्यावर घातली आणि दरबारचे सगळे मांडव राणोजीकडे कायमचे सोपवले.

दिवाणजींना त्यांनी काहीच शिक्षा केली नाही. पुढच्या व्याख्यानाला श्रोत्यांमध्ये, अगदी मधोमध, त्यांच्यासाठी एक जागा तेवढी राखून ठेवली.