लडकूची दर्याची पदवी

एका गावात एक भोळा लडकू होता. तशी त्या खारगणी गावात भोळी माणसं पुष्कळ होती, पण ती सगळी कामापुरती भोळी. लडकू पूर्णवेळ होता.

लडकू बी.ए. झाला होता. कसा झाला, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "पेपरात छापलं होतं, कोणतेही पाच प्रश्न सोडवा. मी कोणतेही सोडवले."

लडकूचा बाप तापाने गेला तेव्हा मागे एक बायको, एक लडकू आणि 'दर्याराणी' नावाची बोट एवढं राहिलं. बोट लडकूचा काका हिराजी चालवू लागला. लडकूची आई चांगुणा त्याला म्हणाली, "भावजी, बोट माझ्या पोराची आहे. कधीतरी त्याच्या हाती द्या."

हिराजीकाका म्हणाला, "वहिनी, कशी देऊ? परवा ह्याला म्हटलं, नांगर टाक. ह्याने टाकला. दोरी बांधलीच नव्हती."

"तुम्ही बांध म्हणाला नव्हता," लडकू म्हणाला.

"बघा," काका म्हणाला.

आता खारगणीची एक रीत होती. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला, की बोट बांधायची दोरी खुंट्यावरून सोडायची आणि वेटोळं करून एकाच्या हाती द्यायची. दिवस मावळताना ती दोरी ज्याच्या हाती, तो त्या वर्षाचा तांडेल, बोटीचा कारभारी. तिथे कागद चालत नसे, वाद चालत नसे. दोरी म्हणजे दोरी.

तर त्या वर्षी नारळी पुनवेला दोरी काकाच्याच हाती गेली, आणि दुसऱ्याच दिवशी धक्क्यावर एक जाहिरात लागली. शाळेच्या मास्तरांनी ती चांगुणेला वाचून दाखवली. 'सागरी नवोन्मेष आणि उद्योजकता. पदव्युत्तर पदवी, एक वर्ष. प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या मापाचा स्वतंत्र अभ्यासक्रम.'

"म्हणजे काय हो मास्तर?"

"म्हणजे दर्यातून नवीन धंदा कसा काढायचा ते शिकवणार. आणि ज्याला जे जमेल ते."

"जमेल ते?" चांगुणेने लडकूकडे पाहिलं आणि जरा विचारात पडली. मग दिराला म्हणाली, "भावजी, पोराने ही दर्याची पदवी आणली तर?"

हिराजीकाका चौथी पास होता आणि शब्दाचा पक्का होता. तो म्हणाला, "पुढच्या नारळी पुनवेपर्यंत आणली, तर दोरी मी स्वतः ह्याच्या हाती देईन. नाही आणली, तर बोटीचं नाव पुन्हा काढायचं नाही. दर्याची आण."

चांगुणेने देवीला खण-नारळ बोलला. लडकूने अर्ज भरला. मापाचा अभ्यासक्रम मिळणार होता, म्हणून सोबत छाती, कंबर आणि बाहीची लांबी लिहून पाठवली.

संस्थेत वैजयंती मॅडम त्याच्या मार्गदर्शक होत्या. एका विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक, अशी तिथली पद्धत. बाकीच्या मार्गदर्शकांना हुशार विद्यार्थी मिळाले होते. मॅडमनी लडकूची मापं वाचली, पाणी प्यायल्या आणि पहिला धडा दिला.

"लडकू, धंद्यात ग्राहक हा राजा. दारात जो येईल त्याला आधी विचारायचं, तुला काय हवं? तो सांगेल ते द्यायचं आणि वहीत नोंदवायचं."

"हो मॅडम," लडकू म्हणाला, आणि वहीत लिहून घेतलं.

सुट्टीत लडकू घरी आला. चांगुणेने अंगणातल्या वलांडीवर, म्हणजे बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर, बोंबील वाळत घातले होते. ती म्हणाली, "मी बाजारात जाऊन येते. बोंबलांकडे लक्ष ठेव."

लडकू वही घेऊन बसला. थोड्या वेळाने एक मांजर आलं.

"तुला काय हवं?" लडकूने विचारलं.

मांजराने बोंबलाकडे पाहिलं. लडकूने एक बोंबील काढून दिला आणि नोंद केली. मग दुसरं मांजर आलं. मग ही बातमी मांजरांत पसरली.

संध्याकाळी चांगुणा परत आली तेव्हा वलांडीवर नुसत्या दोऱ्या होत्या. अंगणात अकरा मांजरं उताणी पडली होती.

"बोंबील कुठायत रे?"

"अकरा ग्राहक आले आये," लडकू वही उघडत म्हणाला. "अकराही समाधानी. तक्रार एकाचीही नाही."

चांगुणेने केरसुणी उचलली. पुढचं वहीत नाही.

मार बसल्यावर लडकू म्हणाला, "मग मी काय करायला हवं होतं?"

"अरे मेल्या, पोटच्या पोरासारखं जपायला हवं होतं बोंबलांना!"

दुसऱ्या दिवशी नवे बोंबील वाळत घातले. चांगुणा धुणं धुऊन आली तर वलांडीवर तिचीच मच्छरदाणी टांगलेली. चारी बाजूंनी खाली खोचलेली. आत बोंबील, बाहेर लडकू, आणि लडकू अंगाई म्हणत होता.

चांगुणा केरसुणी शोधायला वळली, आणि थांबली. बोंबलांवर एक माशी नव्हती. मांजरं लांबून नुसती बघत होती. चार दिवसांनी बोंबील असे स्वच्छ वाळले, की बाजारात बाया विचारू लागल्या, "चांगुणे, हे कुठल्या दर्याचे गो?"

लडकूने संस्थेत जाऊन सगळं सांगितलं. मांजरांचं ऐकून मॅडमनी डोळे मिटले. मच्छरदाणीचं ऐकून उघडले.

"लडकू! अरे हाच तुझा प्रकल्प! जाळीदार वलांडी! माशी नाही, मांजर नाही, वाळूचा कण नाही. ह्यावर तुला पदवी मिळेल!"

"आणि अंगाई?"

"अंगाई नको. आणि एक लक्षात ठेव. मांजर ग्राहक नाही. जो येतो, फुकट खातो आणि काही देत नाही, त्याला पुढच्या वेळी काठी घेऊन पळवून लावायचं."

"हो मॅडम. पुढच्या वेळी." लडकूने लिहून घेतलं.

शिमग्यानंतर मॅडमनी मुंबईचे एक कामतसाहेब खारगणीला पाठवले. साहेबांना नव्या धंद्यात पैसा घालायची हौस होती. त्यांनी वलांडी पाहिली, मान डोलावली. चांगुणेचा आनंद पोटात मावेना. तिने साहेबांना पाटावर बसवलं आणि चिंबोऱ्यांचं कालवण वाढलं.

लडकू दारात उभा राहून बघत होता. साहेबांनी एक चिंबोरी खाल्ली. मग दुसरी. मग तिसरी. मग भाकरी मागून घेतली.

"साहेब," लडकूने विचारलं, "तुम्ही काय आणलंत?"

"मी? काही नाही. आज नुसता बघायला आलोय," साहेब नांगी फोडत म्हणाले.

लडकू आत जाऊन काठी घेऊन आला.

कामतसाहेब धक्क्यापर्यंत अनवाणी पळाले. तिथून एसटीत चढले तेव्हा त्यांच्या हातात अजून नांगी होती. लडकूने तीही मागितली.

मॅडमनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लडकू, तुला राग देऊ की धडा देऊ?"

"धडा द्या मॅडम. राग आयेने दिलाय."

"मग ऐक. कुठलीही गोष्ट एकदम मोठी करायची नाही. आधी वीतभर नमुना करायचा. तो पाण्यात टाकून बघायचा. तरला, तरच पुढचं मोठं काम. कळलं? पुढच्या वेळी आधी नमुना!"

"हो मॅडम. पुढच्या वेळी."

वैशाखात हिराजीकाका धक्क्यावरून बोटीत बर्फ चढवत होता. धक्क्याच्या कडेला शेवाळ होतं. काकाचा पाय सरकला आणि काका पाण्यात गेला. काकाला पोहता यायचं, पण गमबुटांना येत नव्हतं. त्यांत पाणी भरलं.

"लडकू! दोरी टाक!" काका ओरडला.

लडकूने कोयता घेतला. दोरीचा एक तुकडा कापला. वीत लावून पाहिली, जरा जास्त होता, तेवढा पुन्हा कापला. मग तो पाण्यात टाकला.

"हे काय रे?" काका एक घोट पाणी पिऊन म्हणाला.

"नमुना."

"अरे बुडतोय मी!"

"माझ्याकडे नका बघू काका, दोरीकडे बघा. तरतेय!" लडकू आनंदाने म्हणाला. "आता मोठी आणतो."

तोपर्यंत काकाने पाण्याखालीच गमबूट काढून टाकले आणि हातपाय मारत धक्का गाठला. वर येऊन तो तसाच ओलाचिंब चांगुणेच्या अंगणात गेला. तिला म्हणाला, "वहिनी, पुनवेला तीन महिने राहिलेत. आजवर मला वाटत होतं, हा येडा आहे. आता वाटतंय, हा शिकतोय."

हे मॅडमना कळलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या.

"लडकू, माणूस पाण्यात पडला की नमुना करायचा नाही! मोजायचं नाही, मापायचं नाही, विचार करायचा नाही! हातात जे असेल ते सगळंच्या सगळं त्याच्याकडे फेकायचं! सांग, काय फेकायचं?"

"हातात असेल ते सगळं."

"कधी?"

"पुढच्या वेळी."

मॅडमनी हे त्याच्याकडून शंभर वेळा लिहून घेतलं. लडकूने एकशे एक वेळा लिहिलं. एक नमुना होता.

मग पाऊस झाला, बोटी किनाऱ्यावर ओढल्या, पुन्हा उतरवल्या, आणि नारळी पूनव आली. बायांनी नव्या लुगड्यांवर दागिने घातले. धक्क्यावर ताशा वाजू लागला. मॅडमनी परीक्षक गावातच आणले होते, कारण लडकूचा प्रकल्प उचलून नेण्यासारखा नव्हता आणि लडकूला नेणं धोक्याचं होतं.

परीक्षक दोन. एक जाड, एक बारीक. दोघांनी जाळीदार वलांडी आतून बाहेरून पाहिली. वास घेतला. बोंबील मोडून पाहिला.

जाड परीक्षकांनी विचारलं, "ही कल्पना तुम्हाला कशी सुचली?"

सगळं गाव वलांडीभोवती उभं होतं. चांगुणेने पदर दातांत धरला होता. मॅडम आकाशाकडे बघत होत्या.

"आये म्हणाली, पोटच्या पोरासारखं जप," लडकू म्हणाला. "मला लहानपणी ती मच्छरदाणीतच ठेवायची."

बारीक परीक्षकांनी जाड परीक्षकांकडे पाहिलं. "इतकं साधं आजवर कुणाला सुचलं नाही!"

"शहाण्याला सुचणारच नाही," जाड परीक्षक म्हणाले, आणि सही केली.

लडकू पास झाला. मॅडमनी लाल फितीत गुंडाळलेली पदवी, तिच्या प्लास्टिकच्या नळकांड्यासकट, लडकूच्या उजव्या हातात दिली. चांगुणा रडली. मॅडमही रडल्या, त्यांचं वर्ष संपलं होतं.

मग दर्याला सोन्याचा वर्ख लावलेला नारळ दिला. सगळ्यांनी हात जोडले. उधाणाची भरती येऊन गेली होती आणि ओहोटी लागली होती. पाणी धक्क्याला खेटून सरसर खाडीबाहेर ओढत चाललं होतं. नारळही त्याबरोबर डुलत निघाला.

हिराजीकाका पुढे आला. नवे कपडे, डोक्यावर लाल टोपी, पायांत आज साध्या चपला. त्याने दर्याराणीची दोरी खुंट्यावरून सोडली, वेटोळं केलं आणि लडकूच्या डाव्या हातात ठेवली. दोरीचं दुसरं टोक बोटीच्या नाळीला, म्हणजे पुढच्या टोकाला, पक्कं बांधलेलं होतं.

"घे पोरा," काका म्हणाला. "शब्द दिला होता. दोरी तुझी, बोट तुझी. माझ्या भावाची बोट आहे, घट्ट धर. सोडू नको."

"नाही सोडत काका."

ताशा वाजला. गुलाल उडाला. "लडकू तांडेल! लडकू तांडेल!" पोरं ओरडली. चांगुणेने लडकूवरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली. काकाने दर्याला नमस्कार करायला हात जोडले, डोळे मिटले, आणि आदराने एक पाऊल पुढे टाकलं.

पुढे शेवाळ होतं.

"अरे, काका पडला!"

"दोरी टाका रे!"

"लडकू! टाक!"

लडकू क्षणभरही थांबला नाही. त्याने मोजलं नाही. मापलं नाही. विचार तर नाहीच केला. वर्षभरात पहिल्यांदाच लडकूला बरोबर धडा बरोबर वेळी आठवला होता. डाव्या हातातली दोरी, सगळी वेटोळ्यासकट, त्याने काकाकडे फेकली. उजव्या हातात पदवी होती, तीही फेकली.

दोरी काकाच्या गळ्यात पडली. पदवी डोक्यात लागून हातात आली.

ओहोटीला एवढंच हवं होतं. दर्याराणी धक्क्यापासून सुटली, वळली आणि नारळाच्या मागे निघाली. तिच्या मागे दोरी, दोरीला काका. खाडीच्या तोंडापर्यंत जाता जाता काकाने दोरी धरून बोट गाठली, कडेवरून आत लोळण घेतली आणि उभा राहिला.

दिवस मावळला.

धक्क्यावरचा ताशा थांबला. सगळे दूरवर बघत होते. काकाच्या एका हातात दर्याराणीची दोरी होती आणि दुसऱ्या हातात, नळकांड्यात कोरडी ठाक राहिलेली, लाल फितीची दर्याची पदवी.

रीत म्हणजे रीत. त्या वर्षीही बोट काकाकडेच राहिली. आणि खारगणीचा हिराजी तांडेल चौथी पास असूनही अख्ख्या किनाऱ्यावरचा एकमेव पदव्युत्तर तांडेल ठरला.

चांगुणा केरसुणी आणायला घरी धावली. मॅडम खुंट्यावर डोकं धरून बसल्या. लडकू त्यांच्याजवळ गेला. वर्षभरात इतका खूश तो कधीच नव्हता.

"मॅडम," तो म्हणाला, "ह्या वेळी सगळं बरोबर केलं. आता पुढच्या वेळी काय करायचं?"