निम्मे आटलेले पाणी

शहराच्या नळांना येणाऱ्या पाण्यात नायट्रेट हा तान्ह्या मुलांना घातक क्षार मर्यादेबाहेर गेल्याचा अहवाल आला, तेव्हा पाणीपुरवठा समितीचे सभापती इंगवले यांनी घरोघर पत्रक वाटले: ‘पाणी उकळून प्या.’ तरीही तान्ह्या मुलांचे ओठ निळे पडू लागले. अखेर कासार गल्लीतील रेणुका तांबट समितीच्या सभेत टँकर मागायला आली.

“बाई, पत्रक वाचता येत नाही का?” सभापती हसले. “आळस सोडा आणि पाणी उकळा!”

रेणुकाने पाण्याचे दोन पेले पुढे ठेवले. “साहेब, जरा चाखून सांगा.”

पहिले पाणी किंचित खारट होते. दुसऱ्याचा घोट त्यांनी थुंकून टाकला. “यात केवढे मीठ घातलेत?”

“दोन्हींत सारखेच. दुसरे मी तुमच्या पत्रकाबरहुकूम उकळले, निम्मे आटेपर्यंत. नायट्रेटही मिठासारखेच विरघळलेले असते, साहेब. उकळल्याने पाणी जाते, ते उरते.”

टँकर तत्काळ मंजूर झाला. तो आधी कोणाच्या दारी पाठवायचा, असे सभापतींनी मान खाली घालून विचारले.

“ज्यांची लेकरे अजून आहेत, त्यांच्या,” रेणुका म्हणाली. “माझ्या बाळाची दुधाची भुकटी मी महिनाभर, एक दिवसही न चुकता, उकळलेल्या पाण्यातच कालवली.”