रुमालाखालचं कुरण

फार फार वर्षांमागं, नदी झोपेत बोलायची त्या काळी, एका राज्यात बैलांचा एक व्यापारी होता.

बैलबाजारात भाव तोंडानं ठरत नाही, बाळांनो. घेणारा-देणारा हातावर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून बोलतात. या व्यापाऱ्याचं दाबलेलं बोट म्हणजे दगडावरची रेघ.

त्या राज्यात धनगर, नावाडी, कोष्टी यांचं राजसभेत कुणीच नव्हतं. व्यापारी बाजारोबाजार हिंडायचा. हिंडता हिंडता त्यानं एकेकाला जोडलं, पक्ष उभा केला. पक्षानं त्यालाच सभेवर धाडलं.

निघताना धनगरांची एक म्हातारी म्हणाली, "दादा, नदीकाठचं कुरण तेवढं राख. प्रधानाचा डोळा आहे त्याच्यावर. आमची मेंढरं जातील कुठं?"

"राखतो, आजी."

सभेत धुपाचा धूर ढगासारखा तरंगत होता. व्यापाऱ्याला वाटलं, हाही बाजारच. सवयीनं त्यानं प्रधानाच्या हातावर रुमाल टाकला. त्याच्या मागची एवढी माणसं बघून प्रधान नमला. कुरण मेंढरांनाच राहील, असं बोटांनी ठरलं. दाराशी जमलेल्या पक्षाच्या लोकांना मात्र दिसला फक्त हलणारा रुमाल.

"काय ठरलं, दादा?" म्हातारीनं विचारलं.

"चांगलंच ठरलं. सौदा पुरा होईतो बोलू नये."

"अरे, बैल तुझा होता तोवर ठीक. कुरण काय तुझ्या गोठ्यात बांधलंय?"

तो नुसता हसला. मग नावाडी कुजबुजले, रुमालाखाली आपला घाट गेला. कोष्टी म्हणाले, आपले माग गेले. ऊन चढल्यावर धुकं पांगावं, तसा पक्ष पांगला.

प्रधानाला तेच हवं होतं. एका सकाळी कुरणाला कुंपण पडलं.

व्यापारी सभेत धावला. "तुम्ही शब्द दिला होता!"

"कुणी ऐकला?" प्रधान म्हणाला. "कुणी पाहिला?"

मेंढरं कुंपणाशी उभी राहून पलीकडचं गवत हुंगत राहिली. व्यापाऱ्यानं रुमाल म्हातारीपुढं जमिनीवर अंथरला. "आजी, यापुढं जे ठरेल ते ह्याच्यावर. खाली नाही."

"कुरण गेलं, लेकरा," म्हातारी म्हणाली, आणि रुमालाच्या कडेला टेकली. "आता बोल. पण मोठ्यानं बोल, मला कमी ऐकू येतं."

आपल्या बैलाचा सौदा खुशाल झाकून करावा. चारचौघांच्या हक्काचा सौदा चारचौघांसमोरच करावा.