बांधलेल्या बोकडाची साक्ष

फार फार वर्षांपूर्वी, राज्ये लहान आणि राजांची बिरुदे लांब असत, तेव्हाची ही गोष्ट.

एका राज्याची घाटातली चौकी शत्रूने बळकावली आणि जवळच्या गावातली अकरा माणसे तिथे डांबून ठेवली. चौकीवर दिवसा एकच पहारेकरी असे. तो गुपचूप आडवा झाला तर माणसे सुटणार होती. त्याने शिंग फुंकले तर खालच्या छावणीतून शंभर स्वार वर येणार होते.

राजाने विचारले, "आवाज न करणारे हत्यार कोणते?"

लगेच दोन सरदार उठले. एकाने कळीचे धनुष्य आणले. लाकडी दांड्यावर धनुष्य आडवे बसवलेले. दोरी ओढून खाचेत अडकवायची आणि कळ दाबली की बाण सुटतो. दुसऱ्याने बंदूक आणली. तिच्या तोंडाला लोकर भरलेले जाडजूड नळकांडे होते. तिला तो मुकी बंदूक म्हणे.

परीक्षा मैदानात ठरली. समोर शंभर पावलांवर एक फळी उभी केली आणि फळीला पहारेकऱ्याच्या जागी एक बोकड बांधला. त्याने हलून परीक्षेत व्यत्यय आणू नये म्हणून त्याचे चारही पाय बांधले. परीक्षक हत्याराच्या मागे, शामियान्यात, लोडांना टेकून बसले.

आधी बंदूक उडाली. धप्प झाले आणि पाठोपाठ हवेत चाबूक ओढल्यासारखा कडाका झाला.

"कुणी दार लोटल्यासारखं वाटलं," परीक्षक म्हणाले.

"डोंगरात दार कुणाच्या घरचं?" मागून कोणीतरी विचारले. तो घाटातला वाटाड्या होता. हत्यार घेऊन त्यालाच जायचे होते, आणि त्या अकरा जणांत त्याची बायको होती. "नळीचा आवाज लोकरीनं दाबलात. गोळी हवा चिरत जाते, तिच्या तोंडात काय कोंबणार?"

बंदूक बाद झाली. मग धनुष्याची कळ दाबली. खट्ट! बाण बोकडाच्या कानाशेजारी फळीत रुतला.

"वा! अडकित्त्यानं सुपारी फोडावी, तेवढाच आवाज!" परीक्षक म्हणाले.

"मला विचारा की कुणीतरी!" बोकड ओरडला. "खट्ट आधी ऐकू आलं, बाण नंतर आला. मधे एक उडी मारण्याइतकी सवड होती. पाय मोकळे असते तर मारली असती."

"बोकडाला शस्त्रातलं काय कळतं?" धनुष्यवाला सरदार म्हणाला.

"काही नाही कळत, सरदार. पण इथं मी उभा होतो. तुमच्यातलं कोण होतं?"

बोकड परीक्षक मंडळाचा सभासद नसल्याने त्याची साक्ष लिहून घेतली गेली नाही.

वाटाड्याने हात जोडले. "महाराज, बोकड खरं बोलतोय. पहारेकरी काही बांधलेला नसतो. आणि बाण चुकला, तर पुन्हा पाय रोवून दोरी ओढेपर्यंत तो दोनदा शिंग फुंकेल. मला आठ दिवस द्या. दुपारी तो झऱ्यावर उतरतो, शिंग वरच ठेवून. मी दगडाआड बसतो आणि घोंगडी टाकून त्याला जिवंत बांधतो."

"घोंगडी!" सरदार हसला. "एवढं शस्त्रागार असताना महाराजांनी घोंगडीनं लढायचं?"

दरबार हसला. ज्याची बायको कैदेत होती त्या माणसाला हसला. राजाला घोंगडीची लाज वाटली आणि त्याने आज्ञा दिली, "उद्याच निघ. धनुष्य घेऊन."

वाटाड्या गेला. शंभर पावलांवरून त्याने नेम धरला. खट्ट झाले, पहारेकऱ्याने दचकून मान वळवली आणि बाण त्याचा कान खरचटून गेला. वाटाड्या पाय रोवून दोरी ओढत होता, तोवर घाटात शिंग घुमले.

अकराचे बारा कैदी झाले. शत्रूने त्यांना दूर आपल्या मुलखातल्या दगडखाणीत नेले.

दरबारात चौकशी झाली. हत्यार मूक असल्याचे पुन्हा सिद्ध झाले. दोष पहारेकऱ्याच्या कानांचा निघाला. तो शत्रूचा असल्याने त्याला दंडही करता येईना. धनुष्यवाल्या सरदाराला मात्र शालजोडी मिळाली.

चौकी तरी परत घ्यावी म्हणून राजाने दुसरा वाटाड्या मागवला. घाटातली सारी माणसे दरबारात आली. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "महाराज, वाट आम्ही दाखवू. पण हत्यार सरदारांनी स्वतः धरायचं. मूकच आहे ना ते?"

राजाने दोघा सरदारांकडे पाहिले. एका क्षणात विद्या पालटली. धनुष्यवाल्याला आठवले की दोरी फार वाजते. बंदूकवाल्याला आठवले की त्याचे गुडघे दुखतात, आणि बंदूकही तशी मुकी नाहीच.

"हे त्या दिवशी का नाही बोललात?" राजाने विचारले.

दोघेही गप्प राहिले. त्या राज्यात खरोखर आवाज न करणारे तेवढेच दोघे निघाले.

घाटातली माणसे उठली आणि घरी गेली. त्यानंतर राजाच्या हाकेला त्या डोंगरातून कोणी ओ दिली नाही. चौकी शत्रूकडेच राहिली, आणि बारा माणसे परक्या खाणीत दगड फोडत म्हातारी झाली.

तात्पर्य: ज्याच्या जिवावर बेतणार आहे, त्याची साक्ष काढल्याशिवाय निकाल देऊ नये.