कोतवालाचं झाड सोडल्यावर

फार पूर्वी माळावरच्या एका कडुनिंबावर कोतवाल पक्षी, हळदे आणि होले एकत्र राहत. कोतवाल दिसायला लहान, पण कावळा आला की सरळ अंगावर धावून जायचा. त्याचे नियमही जाचक होते: पहाटे गलका नको, शेंड्यावर बसायचं नाही. शेवटी होल्यांनी कौल घेतला. "सोडू या" म्हणणारे जरासेच जास्त निघाले आणि सगळे होले समोरच्या बाभळीवर आले.

तिथे साळू होलीने दोन अंडी घातली. आता राखणीला कोतवाल नव्हता. पहाऱ्याला कोण बसणार, एवढंच ठरवायचं होतं.

"ज्यांना निघायची हौस होती, त्यांनी बसावं," एक गट म्हणाला.

"तुम्हाला आमचं वाटोळंच बघायचंय! जा की परत, कोतवालाचे पाय चेपा!" दुसरा गट ओरडला.

ते असे तोंडाला तोंड देत असताना कावळा आला आणि एक अंडं घेऊन गेला.

"बघा, सांगत होतो ना!" पहिले म्हणाले.

"तुमच्या अपशकुनी तोंडामुळेच झालं!" दुसरे म्हणाले.

उरलेल्या अंड्यावर पंख पसरून साळू किंचाळली, "मेल्यांनो, निघालो ते निघालो! माझं अंडं कुठल्या गटातलं होतं रे? आभाळाकडे कोण बघणार, ते सांगा!"

मग वरच्या फांदीवर चोच पुसत कावळा म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे. चालू द्या तुमचं."

आणि त्यांनी चालूच ठेवलं.