हाकेचा खडा

एका राज्यात हाक पोचत नसे. जवळ बसून बोललेले ऐकू येई, कानात कुजबुजलेले ऐकू येई. पण कुणी लांबून हाक मारली की ती अर्ध्या वाटेवर खडा होऊन खाली पडे. आईने लेकराला हाक मारावी, अंगणात टप् करून खडा पडावा. गुराख्याने गाईला हाक मारावी, माळावर खडा पडावा. वाटेवाटेवर असे खडे पडलेले असत आणि लोक ते पायाने बाजूला सारून चालत.

हे असे का झाले, तर राज्याचा जुना प्रधान एका दुपारी पंगतीला बसला होता. तळ्याच्या पैलतीरावरून एका मांत्रिकाने नाव आणा म्हणून हाक मारली. त्याची बायको तापाने फणफणत होती आणि वैद्य ऐलतीरावर राहत होता. पंगतीतला नावाडी उठू लागला. प्रधान म्हणाला, "भरल्या ताटावरून उठू नये. कुणी ओ देऊ नका, म्हणजे तो आपोआप गप्प होईल."

मांत्रिकाने तीन हाका मारल्या. तिन्ही ऐकू आल्या आणि तिन्ही वाया गेल्या. मग त्याने तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि म्हणाला, "ज्या राज्यात हाकेला ओ नाही, त्या राज्यात हाकही नको." त्याने ओंजळ सोडली, बायकोला पाठीशी बांधले आणि तळ्याला वळसा घालून तो चालत निघून गेला. प्रधान ताटावरच मुका झाला. त्याने शिक्का राजाच्या पायाशी ठेवला आणि तोंड झाकून घर गाठले.

त्याच घटकेला तळ्यावर धुके उतरले. जत्रेहून परतणारी एक नाव धुक्यात शिरली, ती बाहेर आलीच नाही.

राजा इंद्रसेनाच्या खांद्यावर एक बोलकी साळुंकी बसत असे. बरीच वर्षे लोटल्यावर ती एकदा धुक्यात जाऊन आली आणि राजाला म्हणाली, "नावेतली माणसे जिवंत आहेत. धुक्यात भूक लागत नाही, तहान लागत नाही. पण ती हाक मारतात आणि हाकेचा खडा नावेतच पडतो. नाव खड्यांनी भरत आली. आता आणखी एक खडा पडला तर ती बुडेल, म्हणून सगळी तोंड मिटून बसली आहेत."

राजाने उपाय विचारला. साळुंकी मांत्रिकालाही भेटून आली होती. ती म्हणाली, "उपायाच्या गोष्टी तीन. राज्यातल्या तिन्ही तटांनी एका घोंगडीवर बसावे. तिन्ही तटांनी प्रधान म्हणून एकाच नावाने हाक मारावी. आणि ज्याला हाक मारली त्याने ओ द्यावी."

त्या राज्यात माणसांचे तीन तट होते. तळेकरी, डोंगरकरी आणि पेठकरी. तळेकऱ्यांचा तट सर्वांत मोठा. पण एकट्याच्या बळावर प्रधान नेमावा इतका मोठा नव्हता. त्यांचा म्होरक्या सुभानराव. हुशार माणूस, करारी माणूस. पुढचा प्रधान तोच, असे पाणवठ्यावरच्या बायकाही म्हणत. सुभानरावाने शिक्का बांधायला रेशमी गोंडा आधीच आणवून ठेवला होता. पण त्याची आई बयजाई त्या नावेत होती, आणि त्या दिवसापासून त्याच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता.

पहिल्या दिवशी तळ्याकाठी घोंगडी अंथरली. बसण्यावरूनच तंटा. डोंगरकरी म्हणत, घोंगडी आमच्या मेंढरांच्या लोकरीची, मधला मान आमचा. पेठकरी म्हणत, लोकर तुमची, पण विणून आमच्या पेठेत विकली गेली. अखेर राजा स्वतः मधोमध बसला, तेव्हा बाकीचे कडेला टेकले. पहिली गोष्ट झाली.

दुसऱ्या दिवशी नावे निघाली. सुभानरावाचे नाव निघाले. डोंगरकऱ्यांचा म्होरक्या धोंडजी दाढी खाजवीत म्हणाला, "तळेकऱ्याला प्रधान केला तर पाणी डोंगर चढेल काय?" मग धोंडजीचे नाव निघाले. पेठकऱ्यांचा गणशेट हसला. "हा शिक्का मेंढीच्या गळ्यात बांधील आणि मेंढी हरवली म्हणून दरबार भरवील." मग गणशेटचे नाव निघाले, तेव्हा दोघांनीही पाठ फिरवली. दिवस मावळायला लोक उठले ते एकमेकांचे तोंड न पाहता.

सुभानराव घरी येऊन ओट्यावर बसला. तेवढ्यात त्याचा घरजावई आला.

या जावयाची गंमत सगळ्या राज्याला ठाऊक होती. तो जन्माने डोंगरकरी. सुभानरावाच्या लेकीशी, केवड्याशी लग्न करून तळ्याकाठी राहायला आला आणि पोटासाठी पेठेत मध विकू लागला. डोंगरात म्हणत, तिकडे गेला. तळ्याकाठी म्हणत, कुठून आला. पेठेत म्हणत, मध चांगला पण माणूस नक्की कुणाचा? त्यात त्याला एक खोड होती. तो वाटेवरचे खडे उचलून कानाशी धरी. कानाशी धरला की खड्यातली हाक त्याला बारीक ऐकू येई. मग ती ज्याला मारलेली असेल त्याच्या दारात जाऊन तो खडा देई आणि सांगे, "तुम्हाला हाक होती." असे कुणाला सुचले नव्हते असे नाही, वेळ नव्हता. डोंगरात त्याला दगडू म्हणत, म्हणून लोक हसत, की दगडू दगड वेचतो, आईबापांनी नाव विचार करून ठेवले.

त्या दिवशी त्याच्या हातात एक ओला खडा होता. तो म्हणाला, "मामा, काठाला लागला. नावेतून निसटला असावा. तुमचाच आहे."

सुभानरावाने खडा कानाशी धरला. आत आईचा आवाज होता, लहानपणी ओट्यावरून यायचा तसाच.

"सुभ्या, जेवलास का रे?"

सुभानरावाने खडा मुठीत घट्ट धरला. मग त्याने विचारले, "असे किती जणांना दिलेस?"

"मोजले नाहीत. ज्याचा त्याला दिला."

"आणि लोक काय म्हणतात?"

"हसतात," जावई म्हणाला. "हसू द्या. पण खडा घेतात."

तिसऱ्या दिवशी सगळे घोंगडीवर बसले. सुभानराव उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या तटाकडून प्रधानपदासाठी माझे नाव नाही. आमच्या जावईबापूंचे आहे."

त्याच्याच तटातली माणसे एकमेकांकडे पाहू लागली. आदल्या दिवशीपर्यंत कुणाला वाराही लागला नव्हता. मग मागून एक म्हातारा तळेकरी म्हणाला, "लेक दिलीत, घर दिलेत, आता राज्यही आंदण देता काय?" आणि घोंगडीवर हशा पिकला. जावई मान खाली घालून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते.

हसण्यात एक धोंडजी नव्हता. त्याचा भाऊ कड्याखाली अडकला होता तेव्हा त्याची हाक याच माणसाने दारात आणून दिली होती. तो भाऊ आज शेजारी बसला होता. गणशेटनेही हसू आवरले. त्याच्या मरत्या वडिलांची शेवटची हाक त्याला याच्याच हातून मिळाली होती, आणि त्यावेळी मधाचा एक बुधला विकत घेण्यापलीकडे आपण याच्यासाठी काही केले नाही याची त्याला लाज वाटली.

धोंडजी म्हणाला, "आमची हरकत नाही."

गणशेट म्हणाला, "आमचीही नाही."

राजाने जावयाला लांब काठावर उभे केले, हात वर केला आणि तिन्ही तटांनी छाती भरून हाक मारली. तळेकरी ओरडले, "जावईबापू!" डोंगरकरी ओरडले, "दगडू!" पेठकरी ओरडले, "मधवाले!"

घोंगडीवर टप् टप् टप् तीन खडे पडले.

साळुंकी म्हणाली, "माणूस एक आणि नावे तीन. खरे नाव घ्या."

खरे नाव कुणालाच ठाऊक नव्हते. जावयाची आधीची भावंडे जगली नव्हती, म्हणून दृष्ट लागू नये असे त्याला दगडू म्हणू लागले. पाळण्यातले नाव आईने त्याच्या कानात सांगितले आणि स्वतःच्या तोंडाने ते उच्चारायचे नाही असा शब्द घेतला. आई गेली. लग्नात ते नाव त्याने लिहून दाखवले ते फक्त बायकोला, तांदळावर, बोटाने. आणि बायकोने नवऱ्याचे नाव असेच कसे घ्यावे?

सुभानराव लेकीपुढे गेला. त्याने करारी आवाजात काही सांगितले नाही. तो म्हणाला, "केवडे, तुझी आजी नावेत आहे. नाव घे, बाळ."

केवड्याने पदर सावरला. एवढ्या दरबारात तिची मान वर होईना. मग तिने तळ्यावरच्या धुक्याकडे पाहिले आणि नाव घेतले:

"धुक्यात अडकली नाव, लाटांचा तिला संग,
कुणाच्याही हाकेला ओ देतात माझे श्रीरंग."

मग तिन्ही तट उठले आणि एका तोंडाने म्हणाले, "श्रीरंगराव!"

खडा पडला नाही. हाक तळ्यावरून गेली, धुक्यात शिरली, डोंगराला लागून परत आली. माणसे आपलाच आवाज ऐकत उभी राहिली.

पण श्रीरंगाने दरबाराला ओ दिली नाही. त्याने दरबाराकडे पाठ केली आणि तळ्याकडे कान लावला. लोकांना वाटले, पहिल्याच दिवशी याने आपला अपमान केला.

धुक्यातून, फार बारीक, एका म्हातारीचा आवाज येत होता. नावेतल्यांनी कित्येक वर्षांत न ऐकलेली काठावरच्या माणसांची हाक ऐकली होती. आणि बयजाईने, नाव बुडते तर बुडो म्हणून, तोंड उघडले होते.

"अहो, कुणी आहे का तिकडे?"

तेव्हा श्रीरंग गुडघाभर पाण्यात गेला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि म्हणाला,

"ओ!"

धुके फाटले. नावेतले आणि वाटेवाटेवरचे खडे एकेक करून पुन्हा आवाज झाले आणि पाखरांसारखे उडून ज्याच्या त्याच्या घरी गेले. त्या संध्याकाळी दारोदार आयांच्या, बापांच्या, भावांच्या जुन्या हाका येत राहिल्या आणि लोक उंबऱ्यात उभे राहून ओ देत राहिले. नाव हलकी होऊन काठाला लागली. सुभानरावाने आईला उचलून उतरवले. तिने त्याच्या पोटावर हात ठेवून पाहिला आणि म्हणाली, "वाळलास." तो म्हणाला, "आज जेवतो, आई."

मग रेशमी गोंड्यात शिक्का बांधून सुभानरावाने स्वतः तो जावयाच्या हाती दिला. राजाने दोघांनाही नमस्कार केला. आधी देणाऱ्याला, मग घेणाऱ्याला. म्हणाला, "ज्याने घेतले त्याचे राज्यावर उपकार आहेत. ज्याने सोडले त्याचे आधीचे आहेत."

इतक्यात पैलतीरावरून हाक आली. मांत्रिक उभा होता आणि त्याच्याजवळ त्याची बायको, दोघेही पिकलेले. नावाडी जेवायला बसला होता. तो भरल्या ताटावरून उठला, वल्हे उचलले आणि ओ देत निघाला. त्याच्या मागोमाग, आपलेही ताट सोडून, हात न धुता, जुना मुका प्रधान धावत गेला आणि नावेत बसला. पाण्याच्या मध्यावर त्याला वाचा फुटली. तिकडे उतरल्यावर तो पहिला शब्द काय बोलला हे त्या तिघांनाच ठाऊक. पण परतताना चौघेही एका नावेत होते.

जुन्या हाका उडून गेल्यावरही काही खडे उरले होते, ज्यांना ओ द्यायला कुणी उरले नव्हते. त्यांचा तळ्याला घाट बांधला. त्या घाटावर लोक अजून अनवाणी उतरतात.

त्यांना हाक पोचली, तशी ती तुम्हाआम्हालाही पोचो; आणि कुणी बोलावले तर आपल्या तोंडून आधी ओ निघो.